एकाच जागी केलेले समुद्राचे मोजमाप

(कोल्हापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापुरात बसून समुद्राच्या तापमानाची चर्चा कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. परंतु पंचगंगेला पूर आणणारे ढग अरबी समुद्रावरूनच येतात. १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान शतकाला सुमारे १.२ अंश सेल्सिअस या वेगाने वाढले. ही वाढ एकदोन वर्षांच्या नोंदींवरून कळत नाही. पारा वर्षागणिक खालीवर होतच असतो. त्यासाठी दशकानुदशके एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजावे लागते. पूर्वी जहाजावर बादलीने पाणी ओढून तापमान घेत. ते वर येईतो थोडे निवत असे. पुढे इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान घेऊ लागले. साधन बदलले आणि आकडाही वाढला!

जागाच बदलावी लागली तर? मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलविण्यात आली, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी मोजणी चालू ठेवण्यात आली. म्हणून ती मालिका तुटली नाही.

राजाराम बंधाऱ्यावरील मोजपट्टीकडे याच दृष्टीने पाहावे. तेथे ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले. गावातील पर्जन्यमापक झाडाखाली गेला असेल, तर तो मोकळ्या जागी आणावा. मात्र हलविल्याची तारीख नोंदवहीत अवश्य लिहावी.