‘तूर्त’ची नोकरी



लग्नकार्यात एखाद्या पदवीधर तरुणाला ‘सध्या काय करतोस?’ असे विचारले, की ‘तूर्त एके ठिकाणी आहे’ असे उत्तर येते. ठिकाणाचे नाव तो सांगत नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो गोदामात मालाच्या नोंदी करीत असतो, किंवा दुचाकीवरून घरोघर जेवण पोहोचवीत असतो, आणि रात्री स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडीत असतो. त्या ‘तूर्त’मध्ये आशा असते, तसा संकोचही असतो. संकोचाला मात्र काही कारण नाही.

हे प्रथम सांगावयास हवे, कारण पुरोगामी म्हणविणाऱ्या घरांतूनही ‘शिक्षणाला शोभेल अशी जागा मिळेपर्यंत थांब’ असा उपदेश चालतो. थांबण्याचा सल्ला देणाऱ्याच्या घरी बहुधा कोणाचे तरी निवृत्तिवेतन येत असते. ज्याच्या घरी ते येत नाही, त्याने हाताला लागेल ते काम धरावे, यात कमीपणा कसला? खोलीचे भाडे भागलेला माणूस नव्या मालकाला चार प्रश्न विचारू शकतो, वेळ पडल्यास नकारही देऊ शकतो. खिसा रिकामा असलेला माणूस अटी न वाचताच सही करतो. चांगल्या कामाचा शोध घेण्यासाठीसुद्धा आधी पोटाला आधार लागतो.

अडचण निराळी आहे. तात्पुरते काम तात्पुरते राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांचा एक मोठा वर्ग होता. कायम कामगार गैरहजर असेल तरच बदलीला काम मिळे. पाळी सुरू होण्यापूर्वी दरवाजाशी जाऊन उभे राहायचे, आणि नंबर न लागल्यास हात हलवीत खोलीवर परतायचे. त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुसरीकडे काम शोधावे, तर ऐन कामाची वेळ दरवाजाशीच जाई, आणि दरवाजाशी न जावे, तर बदलीची जागाही धोक्यात येई. अशा रीतीने वर्षानुवर्षे काढलेली माणसे गिरणगावात होती. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात वेतनवाढीइतकाच बदली कामगारांना कायम करण्याचाही प्रश्न होता, याची आठवण आता फारशी कोणी काढीत नाही. आज तो दरवाजा मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. पुढचे काम कधी येईल याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलेला तरुण त्या अर्थाने बदलीच आहे.

10 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातील हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात निर्णय दिला, की केवळ दीर्घकाळ काम केल्यामुळे कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही, कारण अशी व्यक्ती डोळे उघडे ठेवूनच ती नोकरी स्वीकारते. सरकारी भरती मागील दाराने होऊ नये, हे तत्त्व योग्यच आहे. परंतु पोटासाठी मिळेल ते काम घेणाऱ्याला घासाघीस करण्याची ताकद नसते, हे त्या निकालातही नमूद झाले होते. डोळे उघडे असतात, हात बांधलेले असतात! डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातील सफाई कामगारांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, 2006च्या निकालाचा आधार घेऊन दीर्घ सेवेच्या कर्मचाऱ्यांना डावलले जाते, याबद्दल नापसंती व्यक्त केली आणि त्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. मधल्या काळात कितीजणांची उमेदीची वर्षे निघून गेली असतील!

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. मुदत 6 महिन्यांची होती, ती पुढे 5 महिन्यांनी वाढवण्यात आली. मुदत संपत आली तसे प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर उतरले. ‘अटी ठाऊक होत्या ना?’ असे म्हणून त्यांना हिणवणे सोपे आहे. पण कार्यालयात अकरा महिने कागद हलविलेल्या मुलीला त्या अनुभवाच्या बळावर बाहेर कोणते काम मिळावे, याचे उत्तर योजनेने दिले नाही. मग तिने त्याच कार्यालयाचा उंबरठा धरून बसावे, हे स्वाभाविकच आहे.

म्हणून अशा तरुणाला कार्यकर्त्याने ‘किती मिळतात?’ याआधी ‘सुटतोस केव्हा?’ असे विचारावे. बारा तास राबविणारी आणि आठवड्याची सुट्टी खाणारी नोकरी दोन हजार रुपये जास्त देत असली, तरी ती शोध थांबविते. मुलाखतीला जाण्यापुरती रजा, सोडताना अनुभवाचा दाखला आणि मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात अडकवून न ठेवणे, या मागण्या मोर्चाच्या घोषणेत शोभणार नाहीत कदाचित. परंतु तात्पुरत्या नोकरीतून बाहेर पडण्याची वाट त्यांतूनच जाते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या कामगार संहितांवर पुष्कळ आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. तरीही प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आणि मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर उपदानाचा हक्क, या दोन तरतुदी तेथे आहेत. ज्या गोदामातून नेमणूकपत्र मिळालेले नाही, तेथील मुलांची यादी शाखेने या महिन्यातच करावी.