जुन्या आलेखकाराची नवी घडण
खगोलशास्त्रज्ञांसाठी आलेख काढणाऱ्या ‘पीजीप्लॉट’चा आरंभ टिम पिअर्सन यांनी कॅल्टेकमध्ये १९८३ साली केला. फोर्ट्रान ७७ भाषेतील या आज्ञावलीची शेवटची आवृत्ती २००१ ची. पुढे २००५ मध्ये जुना कंपायलर ‘जी७७’ जाऊन ‘जीफोर्ट्रान’ आला. पडद्यावर चित्र उमटविणारी ‘एक्स११’ व्यवस्था ॲपलने २०१२ मध्ये आपल्या प्रणालीतून वगळली. मौज अशी, की गणित अद्याप बिनचूक आहे. अडते ते केवळ उंबरठ्यावर. मॅकवर ‘एक्सक्वार्ट्झ’ निराळे बसवावे लागते, मेकफाइलीत कंपायलरचे नाव आणि एक्स११ चा मार्ग हाताने बदलावा लागतो. एक मार्ग चुकला, की खिडकी उघडतच नाही. तरीही स्पंदक ताऱ्यांचे अभ्यासक हा खटाटोप करतात. त्यांच्या ‘पीएसआरकाइव्ह’चे आलेख पीजीप्लॉटच रेखाटते.