कोर्टाचा पट्टेवाला राज्यपाल झाला



आज आपल्या सोलापूरच्याच एका माणसाची हकिगत सांगतो. त्यांचे नाव सुशीलकुमार शिंदे.

४ सप्टेंबर १९४१ रोजी दलित समाजात त्यांचा जन्म झाला. लहानपण कष्टात गेले. पोरवयातच त्यांनी सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाल्याची नोकरी धरली.

कोर्टात कागदाला मोठी किंमत. कागद वाचता आला नाही, की माणूस दुसऱ्याचे तोंड बघतो. आपण कशावर अंगठा उठवला, हेही त्याला ठाऊक नसते. असल्या ठिकाणी हा मुलगा दिवसभर राबे आणि रात्री शाळेत जाई. झोप येत नसेल का? येत असेलच! पण त्यांनी शाळा सोडली नाही. पुढे ते पदवीधर झाले, कायदा शिकले, पोलीस खात्यात फौजदार झाले.

१९७४ साली करमाळ्याच्या लोकांनी त्यांना आमदार केले. पुढे ते राज्याचे अर्थमंत्री झाले. २००३ साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. दलित समाजातून या पदावर गेलेले ते पहिलेच.

२००४ साली ते आंध्र प्रदेशाचे राज्यपाल झाले. आपले पद्मशाली विणकर ज्या तेलंगणातून सोलापुरास आले, तो मुलूख तेव्हा आंध्रातच होता.

आता राज्यपाल म्हणजे कोण? अमेरिकेत राज्यपालाला लोक मते देऊन निवडतात. तोच राज्याचा कारभार चालवतो. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. कारभार मुख्यमंत्री आणि त्यांचे मंत्री पाहतात. शिंद्यांनी दोन्ही पदे सांभाळली. २०१२ ते २०१४ ते देशाचे गृहमंत्रीही होते.

पण २०१४ आणि २०१९ साली लोकसभेला सोलापूरकरांनीच त्यांना पाडले. मोठ्या माणसालाही लोकांपुढे यावे लागते. मत कोणाला द्यायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. त्यांचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही.

रात्रीची शाळा मात्र सर्वांनी घेण्यासारखी आहे. "आता आमचं वय झालं, दिवसभर रानात राबून डोळे मिटतात," असे तुम्ही म्हणता. खरे आहे. आपण सगळेच काही राज्यपाल होणार नाही. पण सातबारा आपला आपण वाचू. कागद वाचून मगच सही करू.

तेव्हा उद्या रात्री वर्गाला या. शेजाऱ्यालाही घेऊन या.