दिवाळे, गहाणखत आणि राहते घर
(पिंपळे सौदागर येथील वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



मेळाव्याच्या मंगल प्रसंगी दिवाळ्याचे नाव काढू नये, असे आमच्यातील वडीलधारे म्हणतील. परंतु पवनाकाठच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि घरोघर कर्जाचे हप्ते सुरू झाले. आता हा विषय टाळणे आम्हांस परवडणारे नाही.

दिवाळे जाहीर केले म्हणजे सारे धनको हात हलवीत परत जातात आणि राहते घर वाचते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती घातक होय. धनको दोन प्रकारचे असतात : एक नुसत्या सहीवर पैसे देणारा, दुसरा वस्तू गहाण ठेवून घेणारा. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये पहिल्यास नादाराच्या मालमत्तेतून वाट्यास येईल तेवढेच मिळते. दुसऱ्याचा गहाणावरील हक्क मात्र त्याच कायद्याच्या २८ व्या कलमाने अबाधित ठेवला आहे.

मग ऋणकोस काहीच उरत नाही काय? उरते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम पाहावे. आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची निर्वाहापुरती औते, बैल व बियाणे, त्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम यांवर जप्ती येत नाही. पगारातील पहिले १००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सामान्यतः सुटतो. हजाराचा हा आकडा आज वाचताना हसू येते! हिंजवडीस नोकरीला जाणाऱ्याच्या सदनिकेस मात्र अशी सूट नाही. शिवाय गहाण मालमत्ता विकण्यास जप्तीची गरजच नसते; तेथे हे कलम आड येत नाही.

हे दुखणे जुनेच आहे. १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जखते जाळली गेली. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याची जमीन कर्जापायी विकू नये, असे त्याने ठरविले. पण ती त्या कर्जास स्पष्टपणे गहाण नसेल तरच! सावकार भोळे नव्हते. ते गहाणखते आणि खरेदीखतेच लिहवून घेऊ लागले. २०१६ च्या नव्या संहितेतही सूट दिलेली प्रत्येक वस्तू ‘बोजारहित’ असावी लागते. तिचा व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांपुरता.

भगिनींनी एवढे ध्यानी घ्यावे. धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, म्हणजे आमच्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाही. तेच सोने आपण होऊन तारण ठेवले, तर ही सूट उपयोगी नाही. दिरांच्या धंद्यासाठी राहते घर गहाण देताना सहीपूर्वी हे आठवावे.

घर गहाण असेल, तर २००२ च्या कायद्याने बँकेस कोर्टात दावा न लावता वसुली करता येते. मात्र आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आमच्या पाहण्यात ते ६० दिवस बहुधा नोटीस कपाटात लपविण्यात जातात. ती घरातील सर्वांसमक्ष वाचावी आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे न्यावी.