मुलाकडे पहावें कसें ?

घरांत मूल आहे आणि त्याच्याविषयीं कोणाचें कांहीं मत नाहीं, असें घर शोधून सापडावयाचें नाहीं. ‘हा आजोबांसारखा तापट आहे’, ‘हिला गणित येणारच नाहीं’, ‘धाकटा हुशार, पण थोरला जरा मंदच’, अशीं वाक्यें मूल समोर बसलेलें असतांनाहि सहज उच्चारलीं जातात. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत हींच मतें ‘लक्ष नसतें’, ‘चंचल आहे’ अशा दोन शब्दांत उतरतात. मत बनण्यास एखादा प्रसंग पुरतो; तें पुसून काढण्यास मात्र कधीं कधीं सारें बालपण अपुरें पडतें. म्हणून तें मत ज्या पाहण्यावर उभें आहे, तें पाहणें कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न प्रत्येक आईबापानें आणि शिक्षकानें स्वतःस विचारावा असा आहे.

बालकाचें निरीक्षण कसें करावें, याचा एक उत्तम धडा एका बापानेंच घालून दिलेला आहे. चार्लस डार्विन याचें नांव उत्क्रांतिवादामुळें सर्वांस परिचित आहे. त्याचा पहिला मुलगा विल्यम हा १८३९ च्या डिसेंबर महिन्यांत जन्मला, आणि त्याच्या हालचालींचीं टिपणें बापानें आरंभापासूनच वहींत करून ठेविलीं. सुमारें ३७ वर्षांनीं, १८७७ सालीं, त्या टिपणांवरून लिहिलेला निबंध ‘माइंड’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ९ व्या दिवशीं मुलाची दृष्टि मेणबत्तीवर स्थिर झाली. ४५ व्या दिवसापर्यंत दुसऱ्या कशावरहि ती तशी खिळलेली दिसली नाहीं. ४९ व्या दिवशीं एका भडक रंगाच्या गोंड्यानें ती वेधून घेतली, असे त्यांत तपशील आहेत.

या निबंधांतील सर्वांत बोधप्रद जागा रागासंबंधींची आहे. मुलाला राग केव्हांपासून येऊं लागतो, हें ठरविणें डार्विनला कठीण गेलें. आठव्या दिवशीं, रडूं फुटण्यापूर्वीं, मुलानें कपाळाला आठ्या घातल्या, हें त्यानें नमूद केलें. परंतु हें वेदनेमुळें किंवा त्रासामुळें झालें असेल, रागामुळेंच झालें असें म्हणतां यावयाचें नाहीं, अशी पुस्तीहि त्यानें लगेच जोडली. आठ्या डोळ्यांना दिसल्या होत्या. राग मात्र पाहणाऱ्यानें आपल्या मनानें जोडावयाचा होता. जें दिसलें तें एक आणि त्यावरून जें वाटलें तें दुसरें, हा भेद पाळणें हेंच निरीक्षणाचें मर्म होय. वात्सल्यानें डोळे भरलेल्या बापालाहि तो पाळतां आला, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

हा भेद केवळ शास्त्रज्ञांच्या उपयोगाचा आहे असें नव्हे. समजा, तिसरीच्या वर्गांतील एका मुलीविषयीं शिक्षिकेनें ‘लक्ष नसतें’ असा शेरा दिला. हें अनुमान झालें. त्याच तासाला मागें बसलेल्या दुसऱ्या शिक्षिकेनें असें लिहिलें कीं, ‘फळ्यावर उदाहरण लिहिलें जात असतां ही मुलगी शेजारणीच्या वहींत पाहत होती, तेथून आंकडे उतरवून घेतल्यावर तिनें तें उदाहरण स्वतः सोडविलें, असें तीन वेळां झालें.’ हें निरीक्षण झालें. पहिला शेरा वाचून घरीं मुलीला बोलणीं बसतील. दुसरें टिपण वाचून, हिला फळ्यावरचें दिसत नसावें, अशी शंका येईल आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यांत येईल. मुलगी एकच, तासहि एकच. परंतु एका वाक्यानें तिच्यावर दोष येतो आणि दुसऱ्यानें तिची अडचण दूर होते.

वर्गांतील निरीक्षण एकट्या मुलाचेंच करून भागत नाहीं. शिकविणाऱ्याचेंहि करावें लागतें. अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषींनीं प्राथमिक शाळांतील विज्ञानाच्या तासांचें ध्वनिमुद्रण करून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठीं किती वेळ थांबतात ? १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत याचें उत्तर आहे : सरासरीनें सुमारें एक सेकंद ! तेवढ्यांत उत्तर आलें नाहीं, कीं प्रश्न दुसऱ्याकडे जाई. त्यांतहि हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठीं शिक्षक अधिक थांबत आणि मागें पडलेल्यांसाठीं कमी. हाच अवधि तीन सेकंदांवर नेतांच मुलांचीं उत्तरें लांबलीं, निरुत्तर राहण्याचे प्रसंग कमी झाले आणि मंद म्हणून गणलीं गेलेलीं मुलेंहि बोलूं लागलीं. त्या मुलांच्या मंदपणाचा कांहीं अंश तरी शिक्षकाच्या घाईचा होता. हें दाखवून देण्यास मोठें यंत्र लागलें नाहीं. कोणीतरी लक्षपूर्वक ऐकून सेकंद मोजणें पुरेसें झालें.

पाहणारा स्वतः देखाव्याच्या बाहेर राहूं शकत नाहीं, ही दुसरी अडचण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें ‘चतुर हान्स’ या नांवाचा एक घोडा गाजला होता. त्याला बेरीज विचारली कीं तो खूर आपटून बरोबर उत्तर देई. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें बारकाईनें तपास करून १९०७ सालीं या चमत्काराचा उलगडा केला. प्रश्न विचारणारासच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असेल, तर घोडा चुके. विचारणाराच्या मस्तकाची नकळत होणारी सूक्ष्म हालचाल पाहून तो खूर आपटणें थांबवी. त्यांत मालकाची लबाडी नव्हती. त्याला स्वतःलाहि याची जाणीव नव्हती. उत्तर देतां देतां आईच्या भुंवयांकडे पाहणारें मूल घरोघर आढळतें. भुंवई चढली कीं ‘सात’चे ‘आठ’ होतात. अशा वेळीं मुलाचें गणित तपासलें गेलें कीं आईचा चेहरा वाचण्याचें त्याचें कौशल्य, हें सांगणें कठीणच.

नामवंत निरीक्षकाचा निष्कर्षहि अंतिम मानूं नये, याचें उदाहरण स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या कार्यांत मिळतें. त्यांनीं आपल्या तिन्ही मुलांचीं शैशवापासून टिपणें केलीं. खेळणें मुलाच्या डोळ्यांदेखत फडक्याखालीं झांकलें, तर सुमारें आठ महिन्यांच्या आंतील मूल तें शोधीत नाहीं, असें त्यांना दिसलें. त्यावरून, दृष्टीआड झालेली वस्तु मुलाच्या लेखीं उरतच नाहीं, असें अनुमान त्यांनीं काढलें. पुढें १९८५ च्या सुमारास संशोधकांनीं मुलाच्या हाताऐवजीं त्याची नजर किती वेळ टिकते हें मोजलें. पडद्यामागें वस्तु असूनहि पडदा जणूं तिच्यांतून आरपार गेला, असा अशक्य देखावा पांच महिन्यांचीं मुलें अधिक वेळ पाहत राहिलीं. याचा अर्थ काय लावावा, याविषयीं मतभेद आहेत. परंतु जें हाताला करतां येत नाहीं तें मनालाहि कळत नाहीं, असें धरून चालणें बरोबर नाहीं, एवढें यांतून घेण्यासारखें आहे. पियाजे यांचें अनुमान वादांत सांपडलें, पण त्यांचें टिपण खोटें ठरलें नाहीं. दोन्ही वेगळीं लिहिलेलीं असल्यामुळेंच पुढच्यांना हा विचार करतां आला.

मूल जेथें खरोखर असतें तेथें जाऊन पाहिल्यास शिक्षणाची घडीच कशी बदलते, याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली मुलें शाळेंत येत नाहींत, यावरून त्यांना शिक्षणाची आवड नाहीं, असें म्हणणें सोपें होतें. या दोघींनीं मुलें दिवसभर काय करतात हें पाहिलें. तीं धाकट्या भावंडांना सांभाळीत आणि गुरें चारीत. तेव्हां शाळाच पाड्यावरच्या अंगणांत भरली आणि गुराख्यांसाठीं कुरणांत गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना अशा जन्मास आल्या. हें भान नसतें, तर रिकाम्या वर्गाचा दोष मुलांच्या माथीं बसला असता.

घरच्या घरीं हें करूं पाहणारास एक वही आणि दहा-पंधरा मिनिटें पुरतात. पानाचे दोन भाग करावे. डावीकडे तारीख, वेळ आणि जें दिसलें व ऐकूं आलें तेंच लिहावें. मुलाचे शब्द त्याच्याच बोलींत, सुधारून न घेतां उतरावे. उजवीकडे आपलें मत लिहावें. ‘हट्ट केला’ हें उजवीकडचें वाक्य होय, ‘चार वेळां मागितलें, मग जमिनीवर बसून रडला, दुपारीं जेवला नव्हता’ हें डावीकडचें. एका दिवसावरून निर्णय करूं नये; सकाळीं व संध्याकाळीं, एकटें असतांना व सवंगड्यांत असतांना, असें वेगवेगळ्या वेळीं पहावें. मात्र ही पाळत होऊं नये. पाहुण्यांपुढें वही वाचून दाखविणें किंवा रागाच्या भरांत तिच्यांतील दाखले काढणें, हा मुलाचा विश्वासघात होय.

दोन-तीन महिन्यांनीं ती वही उघडून, उजवीकडच्या किती वाक्यांना डावीकडे आधार आहे, तें मोजावें. ‘थोरला मंदच’ या वाक्यासमोरील जागा कोरी आढळली, तर तें वाक्य खोडून टाकावें आणि उद्यांपासून त्याच्या उत्तरासाठीं तीन सेकंद थांबावें. त्या थांबण्यांत तो मुलगा एकदां जरी मनांतलें बोलून गेला, तरी वहीचे श्रम सार्थकीं लागले.