खनिजशोधाचे क्षेत्रशिक्षण



उपग्रहांनी टिपलेली चित्रे, खडकातील मूलद्रव्ये जागच्या जागी सांगणारे क्ष-किरण यंत्र आणि भूगर्भातील चुंबकत्व मोजणारी उपकरणे हाताशी असताना भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने रानोमाळ हिंडण्याचे प्रयोजन काय, अशी पृच्छा हल्ली सुशिक्षितांकडूनही होते. तिचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या नागपूर, भंडारा व बालाघाट या टापूतील मँगनीजच्या साठ्यांचे वर्णन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्मर यांनी १९०९ साली प्रसिद्ध केले. मनसरकडील टेकड्यांवर काळ्या धातुकाच्या निकट गार्नेट व क्वार्ट्‌झ यांचा जो खडक आढळतो, त्याचे गोंडाइट हे नाव त्यांचेच. परंतु येथील थर प्राचीन काळी प्रचंड दाबाखाली दुमडले गेले असल्यामुळे, चढणीवर एक आणि उतरणीवर दुसरा असे दोन थर मोजणारा नवशिका पुष्कळदा एकाच थराला दोनदा भेटलेला असतो. थराचा कल जागोजागी मोजून तो नकाशावर उतरविल्यावाचून हा उलगडा होत नाही.

साकोलीच्या पट्ट्यात, कोलारीनजीक जस्त आहे. जस्ताच्या शोधात शेतातील मातीचे नमुने ठरावीक अंतरावर घ्यावे लागतात. तेथे बांधावर जस्ताचा मुलामा दिलेला गंजका पत्रा पडला असेल आणि तो विद्यार्थ्याने टिपून ठेवला नसेल, तर प्रयोगशाळेचा बिनचूक आकडाही दिशाभूल करतो.

याहून कठीण परीक्षा वेधनाच्या छावणीवर होते. हिरेजडित मुखाची पोकळ नळी खडकात फिरत जाते व आतील दंडगोल, म्हणजे कोअर, वर येऊन पेटीत क्रमवार मांडला जातो; खोली लिहिलेले ठोकळे मध्ये ठेवतात. तीन मीटर वेध घेतला आणि कोअर अडीच मीटरच भरला, तर उरलेला अर्धा मीटर कोठे गेला? ठिसूळ धातुक पाण्याबरोबर वाहून जाते आणि कठीण, निरुपयोगी खडक तेवढा शाबूत राहतो, असे वारंवार घडते. म्हणून हाती आलेल्या तुकड्यांइतकीच न आलेल्या भागाची नोंद मोलाची असते. हे भान पाठ्यपुस्तकातून येत नाही. चिखलात उभे राहून, वेधन करणाऱ्या मिस्त्रीला कोणत्या खोलीवर पाण्याचा रंग पालटला हे विचारून, पेटीशेजारीच मजकूर लिहिला म्हणजे येते. दोन दिवसांची सहल काढून क्षेत्रकार्य पुरे झाल्याचे दाखले देणे ही मी विद्यार्थ्याची वंचनाच समजतो.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, भारतीय खाण ब्यूरो आणि मँगनीजच्या खाणी चालवणारी मॉइल या तिन्ही संस्थांची दप्तरे एकट्या नागपुरात आहेत. माझी विनंती इतकीच, की विद्यापीठांनी त्यांच्याशी रीतसर करार करून प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक सलग महिना चालू वेधनावर ठेवावे, आणि खाणचालकांनी जुन्या कोअरच्या पेट्या मोडीत न काढता अभ्यासासाठी खुल्या कराव्यात.