लंगड्या चाकाने उकरलेली माती
(वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानातून)



आपल्या घरातला पाटा-वरवंटा बहुधा ज्या काळ्या दगडाचा असतो, त्याला शास्त्रात बेसॉल्ट म्हणतात. दख्खनचे पठार याच दगडाचे. मंगळावर हाच दगड सापडला, तेव्हा मात्र शास्त्रज्ञांची निराशा झाली! ‘दगडमातीचे शास्त्र शिकून मुलगी काय करणार?’ असे मला विचारणारे पालक भेटतात. त्यांनीही ही हकीकत ऐकावी.

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकांची यंत्रगाडी मंगळाच्या गुसेव्ह विवरात उतरवली. या विवराला एक मोठी कोरडी दरी येऊन मिळते; तेव्हा येथे पूर्वी तळे असावे, त्याचा गाळ सापडेल, ही अपेक्षा. गाडीच्या हाताला दगड खरवडण्याचे यंत्र होते, सूक्ष्मदर्शी कॅमेरा होता, दगडातील मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण होते. वरचा पापुद्रा खरवडून आतला ताजा दगड तपासला, तर निघाला लाव्ह्याचा बेसॉल्ट! त्यात ऑलिव्हिन हे खनिज शाबूत होते. ऑलिव्हिन पाण्यात फार काळ टिकत नाही. म्हणजे या दगडाला पाणी फारसे लागलेलेच नव्हते.

मग गाडी जवळच्या टेकड्यांकडे वळवली. तिची मुदत अवघी ९० मंगळ-दिवसांची. ती केव्हाच सरली होती. मार्च २००६ मध्ये पुढचे उजवे चाक कायमचे बंद पडले. तेथे मिस्त्री कोण पाठवणार? शेवटी गाडी उलटी चालवायची आणि निकामी चाक फरफटत न्यायचे, असे ठरले. नांगराच्या फाळासारखे ते चाक जमिनीत चर पाडू लागले.

२००७ साली अशाच एका चरात तांबूस मातीखाली पांढरीशुभ्र माती दिसली. तपासली, तर तिच्यात सुमारे ९० टक्के सिलिका! सिलिका म्हणजे काचेचे मूळ द्रव्य. ती इतकी शुद्ध साचायला कोकणातल्या उन्हाळ्यांसारखे गरम पाण्याचे झरे हवेत, नाहीतर ज्वालामुखीची आम्लयुक्त वाफ. काही झाले तरी पाणी आलेच. झरे की वाफ, हा वाद मात्र मोलाचा आहे. कारण पृथ्वीवर अशा झऱ्यांत सूक्ष्म जीव सुखाने नांदतात.

वाद मिटवायला गाडी उरली नाही. २००९ मध्ये ती मऊ मातीत रुतली आणि २२ मार्च २०१० नंतर तिचा संदेश आला नाही. त्या पांढऱ्या मातीपासून थोड्याच अंतरावर ती आजही उभी आहे.